वर्डप्रेस सर्व्हरची नोंदवही, टप्पा ३: अपडेटच्या यादीत जे दिसतच नाही

प्रत्येक साइटला वेगळा लिनक्स युजर आणि रोजचा बॅकअप, ही दोन कामं मागच्या टप्प्यात उरकली. आता त्याच भाड्याच्या सर्व्हरवरच्या सगळ्या वर्डप्रेस (वेबसाइट बनवायची आणि चालवायची प्रणाली) साइट अद्ययावत ठेवायची घडी बसवतो आहोत. वाचनालयं, नाट्यसंस्था, ट्रेकिंगचे ग्रुप आणि थोडी छोटी ऑनलाइन दुकानं असा सगळा पसारा आहे. बटण दाबून अपडेट करणं हा यातला सर्वांत सोपा भाग. डॅशबोर्ड, म्हणजे साइटचं व्यवस्थापन-पान, ‘सगळं अद्ययावत आहे’ म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या नजरेत असलेल्या गोष्टींना नवी आवृत्ती आलेली नाही. नजरेत नसलेल्या गोष्टी बऱ्याच निघतात, आणि या टप्प्याचा बहुतेक वेळ त्यांच्यातच गेला.

आधी मोजदाद

कंट्रोल पॅनेलमधल्या साइटच्या यादीवर विसंबू नका. सगळ्या होम फोल्डरमध्ये ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’मधली ‘व्हर्जन’ ही पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलं आहे ती भाषा) फाइल शोधा. जितक्या फाइल सापडतील तितकी वर्डप्रेस सर्व्हरवर आहेत. ‘ओल्ड’, ‘टेस्ट’, ‘न्यू’ अशा नावांच्या फोल्डरमध्ये मागे कधीतरी करून ठेवलेल्या प्रती हमखास निघतात. त्यांना भेट देणारं कोणी नसतं, त्यामुळे त्यांचं अपडेटही होत नाही. पण पत्ता टाकला की उघडतात. त्या मुख्य साइटच्याच युजरखाली चालतात, म्हणजे त्यांच्यातून आत शिरलेला सरळ मुख्य साइटच्या फाइलींवर लिहू शकतो. अशा प्रतीचा बॅकअप वेबच्या फोल्डरबाहेर काढून मूळ फोल्डर पुसावा. पब्लिक फोल्डरमध्ये पडलेल्या झिप फाइलीही त्याच वेळी हलवा. त्यांत कॉन्फिग (साइटच्या सेटिंगची) फाइल असते आणि कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड.

मग प्रत्येक साइटवर डब्ल्यूपी-सीएलआयने (टाइप केलेल्या आदेशांनी वर्डप्रेस हाताळायचं साधन) प्लगइनची, म्हणजे साइटला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमची, यादी काढायची. नाव, आवृत्ती आणि अपडेट या रकान्यांबरोबर ‘डब्ल्यूपीऑर्ग-स्टेटस’ आणि ‘डब्ल्यूपीऑर्ग-लास्ट-अपडेटेड’ हे दोन रकाने मागा. हे दोन फार कामाचे आहेत. सुरक्षेच्या कारणाने किंवा लेखकाने सोडून दिल्यामुळे वर्डप्रेसच्या भांडारातून एखादं प्लगइन बंद झालं, तर डॅशबोर्ड त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. नवी आवृत्ती येणारच नसते, म्हणून अपडेटची खूणही दिसत नाही. स्टेटस ‘क्लोज्ड’ आलं की पर्याय शोधून ते काढून टाकायचं. नुसतं निष्क्रिय करून भागत नाही, कारण फाइली जागेवर राहतात आणि काही प्लगइनच्या फाइली थेट पत्त्याने चालवता येतात. २०२० च्या सप्टेंबरात फाइल मॅनेजर प्लगइनमधलं भोक असंच होतं: आतली एक फाइल थेट मागवून लॉगिनशिवाय सर्व्हरवर हवी ती फाइल चढवता येत होती.

हे सगळं साइटच्या युजरने चालवा, रूटने (सर्व्हरवर सगळे अधिकार असलेल्या युजरने) नव्हे. डब्ल्यूपी-सीएलआय चालताना त्या साइटच्या प्लगइनचा कोड चालतो. साइट आधीच पोखरलेली असेल, तर रूटने दिलेला एक आदेश पूर्ण सर्व्हर तिच्या हवाली करतो. ‘स्किप-प्लगइन्स’ हा प्लगइन न चालवण्याचा पर्याय लावला तर हा धोका कमी होतो, पण विकतच्या प्लगइनचे अपडेट मग यादीत येत नाहीत, कारण त्यांची चौकशी त्यांचाच कोड करतो.

विकतच्या थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या संचाच्या) पोटातली प्लगइन ही आणखी एक अडचण. २०१४ मध्ये स्लायडर रेव्होल्यूशन या सरकती चित्रं दाखवणाऱ्या प्लगइनमधली चूक एवढी महागात पडली ती यामुळेच. प्लगइनच्या लेखकांनी दुरुस्ती दिली होती, पण शेकडो थीमनी ते स्वतःबरोबर बांधून दिलं होतं आणि साइटच्या मालकाला आपल्याकडे ते आहे याचाही पत्ता नव्हता. डिसेंबरात त्यातूनच लाखावर साइट बाधित झाल्या. तेव्हा थीमच्या फोल्डरमध्ये झिप फाइली शोधा, बांधून आलेल्या प्लगइनची वेगळी यादी ठेवा आणि त्यांचा परवाना कोणाच्या नावावर आहे ते ग्राहकाला विचारून लिहून ठेवा. परवाना संपला की अपडेट थांबतात, साइट मात्र चालूच राहते.

‘एमयू-प्लगइन्स’ (आपोआप चालू होणाऱ्या सक्तीच्या प्लगइनच्या) फोल्डरला कोणतंच अपडेट लागू होत नाही, आणि तिथल्या फाइली डॅशबोर्डच्या नेहमीच्या प्लगइन-यादीत येत नाहीत. चोरदार लपवायला घुसखोरांना ती जागा आवडते. तिथली प्रत्येक फाइल उघडून वाचावी.

ऑटो-अपडेट चालू असूनही का होत नाही

छोट्या आवृत्त्यांचं आपोआप अपडेट वर्डप्रेस ३.७ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१३ पासून आहे. प्लगइन आणि थीमसाठीचा पर्याय ५.५ मध्ये, ऑगस्ट २०२० ला आला. तरीही जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या साइट सापडतात. कारणं साधारण ठरलेली असतात.

वर्डप्रेसचा क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) कोणी साइटवर आलं तरच जागा होतो. महिन्यातून चार माणसं येणाऱ्या साइटवर तो झोपलेलाच. कॉन्फिगमध्ये ‘डिसेबल-डब्ल्यूपी-क्रॉन’ ट्रू करून सिस्टमच्या क्रॉनमधून दर १५ मिनिटांनी आदेश द्यावा. सगळ्या साइटना एकच मिनिट देऊ नका, नाहीतर दर पाव तासाला प्रोसेसरवर ताण येतो.

‘डिसअलाऊ-फाइल-एडिट’ आणि ‘डिसअलाऊ-फाइल-मॉड्स’ यांत नेहमी घोळ होतो. पहिला डॅशबोर्डमधला कोड एडिटर बंद करतो, तो लावावाच. दुसरा सगळी अपडेटही बंद करतो, आपोआप होणारीसुद्धा. सुरक्षा वाढवायला म्हणून दुसरा लावला, की साइट आहे त्या आवृत्तीवर गोठते. साइटच्या मुळाशी गिटचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं) फोल्डर असेल तरी ऑटो-अपडेट होत नाही.

डिस्कचा कोटा (एका युजरला दिलेली जागेची मर्यादा) हे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. क्रॉनमधून अपडेट करताना वर्डप्रेस झिप सोडवायला पुरेशी जागा आहे का ते बघतो. फाइलींच्या आकाराच्या २.१ पट जागा त्याला लागते. पण तो विचारतो पूर्ण डिस्कची मोकळी जागा. त्या युजरचा कोटा भरत आला आहे हे त्याला कळत नाही. मग अर्ध्या फाइली लिहून काम तुटतं. आमच्याकडे आता कोट्याचे ३०० एमबी मोकळे नसतील तर अपडेटची स्क्रिप्ट पुढे जातच नाही, आधी मेल पाठवते.

अपडेट मध्येच तुटलं की ‘मेंटेनन्स’ची सूचना पडद्यावर राहते. मुळाशी असलेली ‘डॉट-मेंटेनन्स’ फाइल काढली की ती जाते. १० मिनिटांनंतर वर्डप्रेस त्या फाइलकडे तसंही दुर्लक्ष करतो. साइट परत दिसली म्हणून अपडेट पूर्ण झालं असं धरू नका. चेकसम, म्हणजे फाइल मूळ फाइलशी जुळते का हे सांगणारा आकडा, तपासा.

काय लगेच, काय थांबून

जानेवारी २०१७ मध्ये वर्डप्रेस ४.७.२ आलं तेव्हा त्यातल्या रेस्ट एपीआयच्या (बाहेरच्या प्रोग्रॅमना साइटशी बोलायच्या वाटेच्या) दुरुस्तीचा तपशील आठवडाभर मुद्दाम दाबून ठेवला होता. १ फेब्रुवारीला तो जाहीर झाला आणि लगोलग मोठ्या संख्येने साइटची पानं विद्रूप झाली. ज्यांचं ऑटो-अपडेट चालू होतं ते तोवर सुटले होते. उलट बाजूही आहे. जून २०२४ मध्ये काही प्लगइन-लेखकांची खाती बळकावून अपडेटमधूनच घातक कोड पाठवला गेला. दोन्ही धरून आमचं मत ठाम आहे: उशिराचा धोका जास्त. भांडारातल्या सगळ्या प्लगइनचं अपडेट आपोआप होऊ द्यावं. अपवाद फक्त दुकानाचं प्लगइन आणि पेज बिल्डर (पानांची मांडणी करायचं प्लगइन).

दुकान वेगळं ठेवायचं कारण डेटाबेस. वर्डप्रेस ६.६ पासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, ऑटो-अपडेटनंतर जीवघेणी पीएचपी चूक आली तर प्लगइन आपोआप मागच्या आवृत्तीवर जातं. पण परत येतात त्या फाइली. नव्या आवृत्तीने टेबलं बदलली असतील तर ती तशीच राहतात. शिवाय चूक आहे का हे मुखपृष्ठ मागवून ठरतं, त्यामुळे फक्त पैसे भरायच्या पानावर होणारी चूक निसटते. एकट्या मुखपृष्ठावर भागत नाही, म्हणून आमच्या तपासणीत चार पानं असतात: मुखपृष्ठ, लॉगिन, एक फॉर्म आणि देवनागरी पत्त्याचं एक पान. हे शेवटचं सोडू नका. फायरवॉलचे नियम बदलले की टक्क्याच्या चिन्हांनी भरलेले लांब पत्तेच आधी अडतात.

मराठी साइटचा डेटाबेस

फार जुन्या साइटमध्ये टेबलं लॅटिन१ ची (युरोपीय अक्षरांपुरती जुनी संहिता) आणि आत यूटीएफ-८ ची (सगळ्या लिप्यांची संहिता) बाइट, असा प्रकार असतो. साइट बरोबर दिसते, कारण वाचताना-लिहिताना दोन्हीकडे तीच चूक होते. वर्डप्रेस ४.२ ने यूटीएफ८ ची टेबलं यूटीएफ८एमबी४ (त्याच संहितेचं पूर्ण रूप) केली, लॅटिन१ च्या टेबलांना हात लावला नाही. पुढे सर्व्हर बदलताना कोणी ती सरळ बदलली, की एकेका देवनागरी अक्षराजागी तीन-तीन परकी चिन्हं येतात.

ओळखायची रीत सोपी आहे. ‘मुंबई’ एवढंच शीर्षक असलेली नोंद तयार करा आणि मायएसक्यूएलमध्ये (साइटच्या डेटाबेसमध्ये) तिची ‘कॅर-लेंग्थ’ आणि ‘लेंग्थ’ दोन्ही मागा. मात्रा, अनुस्वार धरून अक्षरं ५ आणि बाइट १५ आले तर ठीक. दोन्हीकडे १५ आले तर टेबल लॅटिन१ चं आहे. अक्षरं १५ आणि बाइट ३० च्या वर आले तर दुहेरी एन्कोडिंग (आधीच यूटीएफ-८ असलेली बाइट पुन्हा बदलली जाणं) होऊन बसलं आहे. लॅटिन१ असेल तर रकाना आधी ब्लॉब किंवा व्हारबायनरी (नुसत्या बाइटचे प्रकार) करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४ चा मजकूर; मधली पायरी गाळली की दुहेरी एन्कोडिंग झालंच. अर्थात हे प्रतीवर करून मगच मूळ डेटाबेसवर.

पीएचपी

७.४ ची मदत २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली, ८.१ ची ३१ डिसेंबर २०२५ ला. ८.३ ला २०२७ च्या अखेरपर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या आहेत, म्हणून सगळ्या साइट तिथे नेतो आहोत, एका वेळी एकच पूल (पीएचपी प्रोसेसचा एक गट). जुन्या थीम कोसळतात त्या ‘क्रिएट-फंक्शन’ आणि ‘ईच’ या दोन फंक्शनमुळे, दोन्ही ८.० मध्ये काढली गेली. आधी फाइलींत शोधून घ्या. बदलल्यावर एफपीएमचा (पीएचपी चालवणाऱ्या सेवेचा) एरर लॉग दिवसभर बघत राहा.

आत कोणी बसलंय का

अपडेटने भोक बुजतं, आत शिरलेला बाहेर जात नाही. कोअर (मूळ वर्डप्रेस) आणि प्लगइनचे चेकसम तपासायचा आदेश दर रात्री चालतो. विकतच्या प्लगइनचे चेकसम भांडारात नसतात, त्यांची ताजी झिप आणून फाइली ताडून बघाव्या लागतात. अपलोड्समध्ये पीएचपी फाइल चालता कामा नये. वेब सर्व्हर इंजिनएक्स असेल तर हा नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्येच लिहा, कारण तो एचटीअॅक्सेस (फोल्डरपुरते नियम लिहायची) फाइल वाचत नाही.

लॉगचंही (साइटवर आलेल्या मागण्यांच्या नोंदींचंही) बघा. उबुंटूवर इंजिनएक्सचे लॉग मुळात १४ दिवसच राहतात. सर्ट-इन या भारत सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि घटना ६ तासांत कळवायला सांगितलं आहे, साइट विद्रूप होणं त्यात धरलेलं आहे. लॉगरोटेटमधला (जुने लॉग काढून टाकणाऱ्या साधनातला) आकडा १८० केला, लॉग वेगळ्या डिस्कवर हलवले.

पुढच्या टप्प्याला दुकानांच्या चाचणी-प्रती. त्यांतून ग्राहकांना खरे मेल जाऊ नयेत, म्हणून त्या सर्व्हरवर मेल बाहेर पडायची वाट आधी बंद करायची आहे. प्रती त्यानंतरच बनतील.