बुटात कोंबायला पेपर

सोमवारी दुपारी घरून काम चालू होतं, आणि बाल्कनीतून असा काही वास आला की मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून उठलो. आदल्या दिवशीचे बूट. दोन जोड, एक माझा एक बायकोचा, कठड्याला टेकवून उभे केलेले, आणि एक अख्खी रात्र आणि अर्धा दिवस गेल्यावरही आतून तसेच गच्च. बोट घातलं तर पचक्. श्रावणातलं ऊन ते, आपण कपडे बाहेर टाकायला घ्यावेत तोवर पडतं आणि टाकून झाले की जातं. म्हटलं पेपर कोंबू, आणि मग दोन खोल्या आणि एक माळा शोधल्यावर लक्षात आलं की आपल्या घरात पेपर नाहीये.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनला पेपर यायचा बंद झाला तो झालाच. नंतर परत सुरू करू, करू म्हणत राहिलं, बातम्या काय मोबाइलवर मिळतातच. मोबाइल बुटात कोंबता येत नाही हे तेव्हा सुचलं नव्हतं.

मग ड्रॉवरमधली बिल्डरांची ब्रोशर काढली. खारघरला राहत असाल तर ही तुमच्याकडेपण असणार, रविवारी सिग्नलला कोणीतरी काचेतून आत टाकतं. टू बीएचके, हिल व्ह्यू, एकात तर चक्क वॉटरफॉल व्ह्यू (पावसाळ्याचे चार महिने, बाकी आठ महिने कडा व्ह्यू). त्यांचे बोळे करून कोंबले आणि अर्ध्या तासाने काढले तर बोळा कोरडा ठणठणीत आणि बूट ओला. तो गुळगुळीत कागद पाणी पितच नाही. पेपरचा कागद म्हणजे चौरस मीटरला जेमतेम 45 ग्रॅमचा, त्यावर कसला लेप नाही, म्हणून शाई बोटांना लागते आणि म्हणूनच पाण्याला बघून धावत जातो. ब्रोशरमधल्या स्विमिंग पूलच्या फोटोवर खऱ्या पाण्याचे थेंब मात्र छान दिसत होते.

ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात हे एक खातंच होतं आणि ते बाबांकडे होतं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, स्टेशनच्या बाजूला गुडघाभर पाणी, आणि संध्याकाळी भावाचे आणि माझे मिळून चार बूट न्हाणीच्या दाराशी उलटे. बाबा ऑफिसमधून आले की चहा व्हायच्या आधी खाली मांडी घालून बसायचे. पेपरची एक एक पुरवणी चार तुकड्यांत फाडायची, बोळा फार घट्ट करायचा नाही, पहिला पार पुढे अंगठ्याच्या जागी, मग मधे, मग टाचेला. तासाभराने ते काढून दुसरे. मग बूट फ्रीजच्या मागे. तेव्हाच्या फ्रीजला पाठीमागे ती काळी जाळी उघडी असायची आणि ती गरम व्हायची, त्यामुळे सकाळी बूट कोरडे आणि कडक, घातले की भाजलेल्या पापडासारखे वाजायचे. आणि मोज्याला शाई.

आमच्याकडे दोन पेपर यायचे, एक मराठी आणि एक इंग्रजी. इंग्रजी माझं इंग्लिश सुधारावं म्हणून. बुटात कायम मराठी जायचा. मला वाटायचं मराठी कागद पाणी जास्त शोषत असेल, किती वर्षं मी तसं मानून चाललो होतो, आणि कॉलेजात गेल्यावर कळलं की रद्दीवाला इंग्रजी पेपरला किलोमागे जास्त भाव देतो, एवढंच. बाबांना ते थोडं लागायचं बहुतेक. कारण अग्रलेखाचं पान ते बाजूला काढून ठेवायचे.

आईची वेगळी सेन्सॉरशिप. देवाचं चित्र असलेलं पान बुटात जाणार नाही. आता ऑगस्ट-सप्टेंबरात मराठी पेपरात देवाचं चित्र नसलेलं पान शोधून दाखवा. गणपतीच्या दिवसांत तर अगरबत्तीच्या जाहिरातीतपण गणपती, बँकेच्या जाहिरातीतपण गणपती, मग आई कात्री घेऊन बसायची, गणपती कापून काढायची आणि उरलेली बँक बुटात. निधनवार्ताही नाही. शब्दकोडंही नाही, पण ते सुटलेलं नसेल तरच.

तर रविवार.

धबधब्याला जायचं हे बायकोने नाही, मीच काढलं होतं. पांडवकडा आमच्या गच्चीवरून दिसतो, 107 मीटरची ती पांढरी रेघ रोज बघून बघून माणसाला वाटतंच. पण तिथे पावसाळ्यात बंदी असते, आणि बरोबरच आहे, दरवर्षी कोणाची तरी पोरं जातात तिथे. आम्ही गेलो ते दुसरीकडे, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, दीड तास चालायचं, वाडीतल्या मावशींना विचारून पुढे जायचं. नाव सांगणार नाही. तुम्ही याल. मग तुमचे मित्र स्पीकर घेऊन येतील.

बायको चिपळूणची. तिला धबधबा दाखवायला नेणं म्हणजे अलिबागकराला समुद्र दाखवायला नेणं. सवतसडा बघत मोठी झालेली बाई ती. वाटेत टाकळा, कुर्डू, तेरडा हे ती माझ्याकडे न बघता म्हणत जात होती, म्हणजे मला सांगत नव्हती, ओळखीची माणसं भेटल्यासारखी नावं घेत होती. एका दगडाखालून मुठा निघाला तेव्हा मात्र थांबली. त्याची एक नांगी मोठी एक छोटी, दोन्ही आमच्यावर उगारलेल्या, अंगठ्याएवढा जीव. ती म्हणाली, आजी याचं कालवण करायची, आणि मग त्यालाच म्हणाली, नाही रे, श्रावण आहे, जा.

वाटेत तीन ओढे लागतात. माझं असं आहे की बूट भिजता कामा नयेत. का ते विचारू नका, वर सगळं सांगितलंय. मी दगड हेरतो, एकावर पाय देऊन बघतो, हलतो का, मग दुसरा, हात पसरून, पाठीवरची सॅक डुलतेय, असं करत एक ओढा ओलांडायला मला दहा मिनिटं लागतात. बायको सरळ पाण्यातून जाते. बुटांसकट, चालण्याचा वेग न बदलता. पलीकडे उभी राहून माझी सर्कस बघते. पहिल्या ओढ्याला म्हणाली, अरे शेवाळ आहे त्या दगडावर, पाण्यातून ये, पाण्यात निदान पाय टेकतो. दुसऱ्या ओढ्याला काही बोलली नाही. तिसऱ्या ओढ्यात मी पडलो. बसकण मारून, पाणी कमरेपर्यंत, आणि गंमत म्हणजे दोन्ही बूट वर हवेत कोरडे. दोन सेकंद. मग तेही गेले.

त्यानंतर चालायला इतकं बरं वाटलं की मला रागच आला.

धबधबा आधी ऐकू येतो, मग त्याचा गार वारा लागतो, मग दिसतो. वीसेक फूट असेल. खाली एक डोह, कडेला रानहळदीचे गुलाबी तुरे, आणि एक बसका काळा दगड, त्यावर मधोमध चुन्याचा डबा सांडल्यासारखा पांढरा डाग. मी म्हटलं, कसाय? ती म्हणाली, छान आहे, आमच्याकडे याला पऱ्या म्हणतात. त्या डागाच्या दगडावर बसून आम्ही थालीपीठं काढली, ठेचा, लिंबाचं लोणचं, थर्मासमधला चहा. थालीपीठं फॉइलमध्ये. पूर्वी तीपण पेपरात असायची हे आत्ता लिहिताना आठवतंय, आणि लोण्याचा डाग पडलेली बातमी वाचत खायची.

डोहात चार-पाच पोरं होती, कॉलेजची असतील, बनियनवर. पाऊस नव्हता, उलट ऊन पडलं होतं. माझं दुसरं थालीपीठ अर्ध्यावर असताना बायको उठून उभी राहिली. डबा बंद करायला लागली. मी म्हटलं, अगं चहा राहिलाय. ती म्हणाली, पाणी बघ.

मला काही दिसेना. मग दिसलं. धबधब्याचं पांढरं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं, अगदी फिका चहा, आणि डोहात सागाची पानं आणि बारीक काटक्या फिरायला लागल्या होत्या. आमच्या डोक्यावर ऊन आणि वर डोंगरात कुठेतरी ढग कोसळला होता, त्याचं पाणी यायला निघालं होतं. तिने पोरांना हाक मारली. पोरं हसली, एक म्हणाला काकू पाच मिनिटं. तेव्हा ती जे ओरडली ते मी लग्नाच्या इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही. पोरं कपडे काखेत मारून बाहेर. आम्ही सगळे वरच्या पायवाटेवर पोचून मागे बघितलं तर डागाचा दगड नव्हता. म्हणजे होता, पण पाण्याखाली, त्याच्यावरून नुसता एक तांबडा फुगवटा जात होता. फार तर दहा मिनिटं झाली असतील. ओढे आता तसे ओलांडता येणार नव्हते, म्हणून वाडीतल्या मावशींच्या पडवीत पाणी उतरेपर्यंत तीन तास बसून होतो. चहा तिथे प्यायलो. पोरांनीपण.

परतीच्या रिक्षावाल्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सीटवर टाकायला सिमेंटची रिकामी गोणी दिली.

सोमवारी मी शेवटी समोरच्या काकांची बेल वाजवली. काका, जुना पेपर आहे का? काका म्हणाले, कालचा की परवाचा? काय वाचायचंय? म्हटलं वाचायचं नाहीये, बुटात घालायचाय. त्यांचा चेहरा एकदम उजळला. किती जोड? ट्रेकचे म्हणजे जाड असणार, चार अंक लागतील, तासाने बदला हं, आणि आतला सोल काढलात का? काढला नव्हता. ते अंक देताना त्यांनी प्रत्येकाचं आतलं पान उलटून बघितलं. शब्दकोडं.

संध्याकाळी बायको आली तेव्हा मी हॉलमध्ये खाली मांडी घालून बसलो होतो, चार बूट, पेपरांचा ढीग. ती बॅग ठेवून तशीच समोर बसली आणि फाडायला लागली. बराच वेळ काही बोललो नाही. आम्ही दोघं असे समोरासमोर बसून पेपर फाडायला याआधी एकदाच बसलोय.

जुलै 2021. 22 तारखेला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. सासूसासरे वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होते, ठीक होते, दोन दिवस फोन लागला नाही तेवढं सोडून. पाणी उतरल्यावर आम्ही गाडी काढली. लोकं पाण्याच्या बाटल्या, चादरी, बिस्किटं, फिनेल घेऊन निघाली होती, आम्हीही तेच भरलं, आणि निघताना नौपाड्याला थांबलो तर बाबांनी खाली रद्दी आणून ठेवली होती. सुतळीने बांधलेले सहा गठ्ठे. मी म्हटलं, बाबा, तिथे माणसं चिखलात आहेत, रद्दी काय करायची? म्हणाले, असू दे, डिकीत जागा आहे. तेव्हा मी जवळजवळ चिडलोच होतो त्यांच्यावर.

पहिल्या दिवशी नुसता चिखल काढला. फ्रीज आडवा, कपाट फुगून दार उघडेना, पहारीने उघडलं. खालच्या खणात अल्बम होते. चिकट, जड, विटांसारखे. सासूबाई म्हणाल्या, टाकून द्या, आणि आत गेल्या. बायको त्यांच्यामागे गेली नाही. तिने बादलीत स्वच्छ पाणी घेतलं, एक एक फोटो सोडवून बुचकळून काढला, आणि मी वरच्या खोलीत ठाण्याचे पेपर अंथरत गेलो. चित्र वर, पाठ पेपरावर, नाहीतर चिकटतात. तासाने पेपर बदलायचा. सहाच्या सहा गठ्ठे संपले. काही फोटो गेले, चेहऱ्याच्या जागी नुसता जांभळा ढग. पण पन्नास-साठ वाचले.

आईची सेन्सॉरशिप मोडली त्या दिवशी. कुठलं पान आहे ते कोणी बघितलं नाही.

त्यातला एक आमच्या कपाटात आतल्या बाजूने लावलेला आहे. बायको पाच वर्षांची, सवतसड्यासमोर, फ्रॉक, दोन वेण्या, तोंड वेडंवाकडं कारण तुषार डोळ्यात जातायत. पायात बूट नाहीत. बूट तिच्या वडिलांच्या हातात, लेस धरून लोंबणारे. सोमवारी रात्री तिने तो काढला, का ते मी विचारलं नाही, आणि पाठीमागे बघितलं. पाठीवर पेपरची शाई उतरलीये, उलटी, छोट्या जाहिराती. कधी वाचायचा प्रयत्नच केला नव्हता. ती बाथरूमच्या आरशासमोर घेऊन गेली, मी बाहेर बुटातले बोळे बदलत होतो.

आतून म्हणाली, "अरे, ठाण्यातला आहे. वन बीएचके, स्टेशनजवळ."

"भाडं किती?"

"ते पुसलंय."