शनिवारची बैठक आणि वकिलाची नोटीस

नोटीस माझ्या घरी आली, कोथरूडच्या पत्त्यावर आणि माझ्या नावाने. मी नोकरी करतो त्या कंपनीचा त्यात उल्लेखही नव्हता. एका मॉड्यूल (उपकरणात बसणारा सुटा भाग) उत्पादकाचं म्हणणं होतं की, मी आणि माझ्या सोबत्यांनी त्यांच्या मालाची बदनामी केली आणि प्रतिस्पर्ध्यांशी संगनमत केलं.

मी भोसरीत वीजमीटरचं काम करतो. आय-ट्रिपल-ई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या एका स्टँडर्डच्या, म्हणजे मानकाच्या, समितीत हौसेने भाग घेतो. संस्था त्याचे पैसे कुणालाच देत नाही. तिथे नवं काम सुरू करायचं तर आधी पीएआर, म्हणजे प्रकल्पाचा अर्ज मंजूर व्हावा लागतो. आमचा रखडला होता. मग पुण्यातले काही जण शनिवारी कर्वे रोडवर एकाच्या ऑफिसात जमून चाचणीची पद्धत लिहू लागलो. वेगवेगळ्या कंपन्यांचे, काही तर एकमेकांचे थेट स्पर्धक. त्यातल्या एकाने उत्साहाने चाचणीत कुठलं मॉड्यूल पास, कुठलं नापास याचा तक्ता केला. ‘नापास’चे रकाने लाल, आणि वर ठळक अक्षरात समितीचं नाव. तो तक्ता फिरत फिरत नको तिथे पोहोचला.

शिवाजीनगर कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. नोटीस बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “बैठक कोणी बोलावली होती?” कोणीच नाही. “अजेंडा, मिनिट्स?” व्हॉट्सॲप ग्रुप. “मग संस्था तुमच्या मागे कशाला उभी राहील?”

आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचा सूर होता की, आपण स्वयंसेवक, संस्था सांभाळून घेईल. प्रत्यक्षात संस्थेची भरपाईची हमी तिच्या नियमांनुसार केलेल्या कामापुरती असते. अमेरिकेत स्वयंसेवकांसाठी 1997 चा कायदा आहे, पण तोही संस्थेने सोपवलेल्या कामाच्या मर्यादेत, आणि घोर निष्काळजीपणा असेल तर नाहीच. 2004 च्या तिथल्या दुसऱ्या कायद्याने स्टँडर्ड लिहिणाऱ्या संस्थांना स्पर्धाविषयक खटल्यांत सवलत दिली. संस्थेत भाग घेणाऱ्यांना मात्र स्पष्टपणे वगळलं. आणि हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या कायद्यात सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण आहे, पण ते ब्युरोच्या कामाला. कर्वे रोडवरच्या शनिवारला नाही.

बाईंनी मला एक जुना खटला सांगितला. 1971 साली बॉयलरमधलं पाणी कमी झालं की इंधन तोडणाऱ्या उपकरणाबद्दल एका कंपनीने एएसएमई या अभियंत्यांच्या संस्थेकडे खुलासा मागितला. प्रश्नाचा मसुदा करायला हातभार लावणारा माणूसच उत्तर देणाऱ्या उपसमितीचा अध्यक्ष होता. उत्तर संस्थेच्या लेटरहेडवर गेलं आणि हायड्रोलेव्हल या प्रतिस्पर्ध्याचा माल असुरक्षित आहे असं सांगायला ते वापरलं गेलं. 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेलाच जबाबदार धरलं. ती माणसं बिनपगारी होती, हा बचाव चालला नाही. “म्हणजे तुमच्या तक्त्यावरचं ते नाव,” बाई म्हणाल्या, “संस्थेलाही नको आणि तुम्हालाही नको.”

दिलासा एवढाच की चाचणीची पद्धत लिहिणं म्हणजे संगनमत नव्हे. भाव ठरवणं, अमक्याकडून माल घेऊ नका म्हणणं, हे स्पर्धा कायद्याच्या कलम 3 मध्ये अडकतं. तसं आम्ही काही बोललो नव्हतो आणि मोजमापांच्या मूळ नोंदीही जपून ठेवल्या होत्या. उत्तरात तेच लिहिलं: निष्कर्ष नोंदींवर आधारलेले आहेत, तक्त्याला समितीची मान्यता नाही, तो मागे घेतो.

उत्तर लिहिण्यापेक्षा डोकं खाल्लं ते कंपनी माझ्या पाठीशी आहे हे दाखवणाऱ्या पत्राने. समितीचं काम कामाच्या वेळात आणि कंपनीच्या परवानगीने होतं एवढंच लिहून हवं होतं. एचआर म्हणे, हा तुमचा छंद. मग स्टँडर्ड आलं की मीटर विकायला आपल्यालाच सोपं जाईल, हे साहेबांना आकड्यांनिशी दाखवलं, तेव्हा सही झाली. या खात्याला कायदा पटत नाही, धंदा पटतो.

पीएआर मंजूर होईपर्यंत शनिवार बंद ठेवले. मंजुरीनंतर आमचा मसुदा प्रत्येकाने आपापल्या नावाने समितीत दिला. कंपन्यांची नावं काढून, नुसती पद्धत.

नोटिशीचं पुढे काही झालं नाही. त्या उत्पादकाचा एक इंजिनिअर आता समितीत येतो. मसुद्यातल्या तापमानाच्या चाचणीवर त्याने सविस्तर हरकत नोंदवली आहे आणि नियमाप्रमाणे तिला लेखी उत्तर देणं आम्हाला भाग आहे. खरं सांगायचं तर त्यातले दोन मुद्दे बरोबर आहेत.