ग्रंथालयाच्या फलकावर काय लिहावे

गेली चार वर्षे मी आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मासिक सूचनापत्राचे काम हौसेने करतो. काम दिसायला लहान आहे. महिन्यात दाखल झालेली पुस्तके, पुढच्या महिन्यातील कार्यक्रम आणि वेळेतील बदल एवढे दोन पानांत बसवायचे, एक प्रत दर्शनी फलकावर लावायची आणि बाकीच्या देवघेवीच्या टेबलावर ठेवायच्या. पहिले वर्षभर मी ते चुकीच्या रीतीने केले. दाखल नोंदवहीतून नावे उतरवून घ्यायची, ती अकारविल्हे लावायची आणि साठ-सत्तर पुस्तकांची यादी छापायची, असा माझा क्रम होता. यादीत चूक नसे. पण ती वाचून कोणी पुस्तक मागायला आल्याचे मला आठवत नाही. व्याख्यानांच्या सूचनांना मात्र मी चौकट आणि ठळक अक्षरे देत असे.

एकदा ग्रंथपाल बाईंनी काही न बोलता देवघेवीची नोंद माझ्यासमोर ठेवली. ज्या व्याख्यानाला खुर्च्या अपुऱ्या पडल्या होत्या, त्या दिवशी बाहेर गेलेली पुस्तके नेहमीपेक्षा कमी होती, कारण गर्दीमुळे देवघेव अर्धा तास आधीच थांबवावी लागली होती. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की, ग्रंथालयातील कार्यक्रम कसा झाला हे खुर्च्या मोजून ठरवू नये. पुढच्या आठवड्यात कपाटातून काय हलले ते पाहावे.

हे मत कोणाला कोरडे वाटेल. परंतु सभागृह इतरत्रही मिळते. वक्त्याचे बोलणे संपताच दहा पावलांवर त्याच विषयाची पुस्तके हाती येण्याची सोय फक्त ग्रंथालयातच असते. आकाशदर्शनावरील कार्यक्रमाच्या वेळी आम्ही 520 या वर्गांकाची, म्हणजे खगोलशास्त्राची, पुस्तके ढकलगाडीवर घालून सभागृहाच्या दाराशी आणून ठेवली आणि देवघेवीची नोंदही तिथेच केली. पुस्तकांना विषयानुसार असे आकडे देणारी, अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धत 1876 मध्ये प्रसिद्ध झाली. एका विषयाची पुस्तके एकत्र राहावीत म्हणून केलेली ती व्यवस्था त्या संध्याकाळी जशी उपयोगी पडली, तशी मी कधी पाहिली नव्हती. गाडी जवळजवळ रिकामी परत गेली. तेव्हापासून कार्यक्रमाच्या सूचनेखाली मी संबंधित पुस्तकांचे वर्गांक छापतो. परसबागेची माहिती असेल, तर खाली 635 हा आकडा येतो, आणि लोक तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून थेट कपाटापाशी जातात.

वाचकगटाच्या बाबतीत अडचण निराळी होती. चर्चेसाठी निवडलेल्या कादंबरीची ग्रंथालयात एकच प्रत असे. ती एका सभासदाकडे, उरलेले आरक्षणाच्या रांगेत, आणि चर्चेला अखेर ज्यांना पुस्तक विकत घेणे परवडले तेच हजर. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा जाहीरनामा 1949 मध्ये प्रथम निघाला आणि पुढे 1972, 1994 व 2022 मध्ये त्यात सुधारणा झाल्या. वय, वंश, लिंग, धर्म, भाषा किंवा सामाजिक स्थान यांचा विचार न करता सर्वांना समान सेवा मिळावी, असे तो सांगतो. आणि आमचा कार्यक्रम मात्र नकळत खिशाची चाळणी लावत होता. आता पुस्तक निवडताना आधी प्रती मोजल्या जातात, शेजारच्या ग्रंथालयांतून काही प्रती उसन्या आणल्या जातात आणि दीड महिना आधी सूचना लागते. चर्चेचा दर्जा सुधारला की नाही यावर गटातच मतभेद आहेत, पण पुस्तक वाचून येणाऱ्यांची संख्या निश्चितच वाढली.

डेन्मार्कमध्ये 2000 साली रॉस्किल्ड महोत्सवात ‘मानवी ग्रंथालय’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात माणूसच पुस्तकासारखा ठराविक वेळेपुरता मिळतो आणि त्याच्या आयुष्याविषयी त्याला प्रश्न विचारता येतात. हा प्रकार मला आवडतो, कारण त्यात देवघेवीचा मूळ नियम मोडत नाही: एक वाचक, एक पुस्तक, ठरलेली मुदत.

आता बातम्यांविषयी. नव्या पुस्तकांची लांब यादी मी सोडून दिली. त्याऐवजी सात-आठच पुस्तके घेतो आणि प्रत्येकाविषयी एक असे वाक्य लिहितो, जे पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही. बाकीची यादी फलकाखाली खिळ्याला टांगलेली असते. ज्याला हवी तो पाहतो. परंतु येणाऱ्या पुस्तकांइतकीच जाणाऱ्या पुस्तकांची बातमी महत्त्वाची आहे, हे मला उशिरा उमगले. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू, म्हणजे सजीवासारखी वाढत राहणारी, संस्था म्हणते. सजीवाची वाढ म्हणजे नुसते फुगणे नव्हे. कालबाह्य झालेली वैद्यकीय पुस्तके, रद्द झालेल्या कायद्यांवरची भाष्ये, बांधणी पार सुटलेल्या प्रती बाहेर काढाव्याच लागतात. ते गुपचूप केले, की रद्दीत दिसलेल्या एका पुस्तकावरून संतापाची पत्रे येतात. कारणासहित आधी सांगितले, तर पत्रे येतात ती ‘या पुस्तकाची दुसरी प्रत मिळेल का’ अशी.

विलंब शुल्काची बातमीही अशीच मांडणीवर अवलंबून असते. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2019 मध्ये मुदत उलटल्याबद्दलचा दंड बंद केला आणि त्यानंतर बराच काळ बाहेर राहिलेली पुस्तके परत येऊ लागली. दंडाच्या भीतीने माणूस पुस्तकाबरोबर स्वतःही ग्रंथालयापासून दूर राहतो, हे मला पटते. तरीही ज्या पुस्तकासाठी रांग लागली आहे ते महिनोन्महिने अडवून ठेवणाऱ्याविषयी माझ्या मनात फारशी सहानुभूती नाही.

एक सूचना मात्र मी दरवर्षी नाकारतो: सर्वाधिक वाचन करणाऱ्या सभासदाचे नाव आणि त्याने वाचलेली पुस्तके फलकावर लावावीत. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण कोणी काय वाचले हे वाचक आणि ग्रंथालय यांच्यातच राहावे. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या 1939 च्या आचारसंहितेतही वाचकाविषयी मिळालेली खाजगी माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन ग्रंथपालावर घातलेले होते. एखादी व्यक्ती कर्जमुक्तीवरची, दुर्धर आजारावरची किंवा घटस्फोटावरची पुस्तके नेत असेल, तर तिच्या वाचनाचा गौरव तिला नकोसा होईल. म्हणून मी पुस्तकांचा गौरव करतो: या महिन्यात सर्वाधिक वेळा बाहेर गेलेले पुस्तक कोणते, आणि तीन वर्षांत एकदाही न गेलेले कोणते. दुसऱ्या रकान्यात नाव छापलेले पुस्तक बहुधा त्याच आठवड्यात कोणीतरी घेऊन जाते.

या महिन्याच्या पत्रात पहिले स्थान मी व्याख्यानाला दिलेले नाही. तीन खंडांच्या एका कादंबरीचा मधला खंड दोन वर्षे हरवलेला होता. तो मागच्या आठवड्यात परतीच्या पेटीत सापडला, आत चिठ्ठी नाही, नाव नाही. पहिला खंड वाचून थांबलेल्या सभासदांनी आरक्षण नोंदवावे, अशी ओळ मी सर्वात वर ठेवली आहे.