गंगाखेडहून गंगाद्वारापर्यंत

आमच्या गंगाखेडला गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. सगळे तिला गंगाच म्हणतात. दुखण्यातून उठलेला माणूस गंगेवर जाऊन येतो, अस्थी गंगेत सोडतात, आणि गावाच्या नावातही तीच आहे. ही गंगा जिथून निघते ते ठिकाण एकदा डोळ्यांनी पाहावे, ही आईची फार दिवसांची इच्छा होती. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही निघालो. परभणीहून रेल्वेने नाशिकरोड आणि तिथून एसटीने त्र्यंबक. निवृत्तिनाथांची पौषवारी नुकतीच आटोपली होती, त्यामुळे गावात गर्दी होती, पण पाऊल टाकायला जागाही होती.

आधी देवदर्शन केले. काळ्या पाषाणाचे हे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये बांधायला घेतले आणि ते पूर्ण व्हायला 1786 उजाडले. गाभाऱ्यात इतर ज्योतिर्लिंगांसारखी वर आलेली पिंडी नाही. उखळासारखा खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेशाची. बाहेर उभे राहून ती थेट दिसत नाहीत, म्हणून वर तिरका आरसा लावला आहे. आई त्या आरशाकडे बघत हात जोडून उभी राहिली, आणि मागचे लोक पुढे सरकायला सांगू लागले तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्र्यंबकची कथा मी लहानपणापासून ऐकली होती, पण ती दुष्काळाची कथा आहे हे मला ब्रह्मगिरी समोर दिसल्यावर उमगले. पुराणात सांगितले आहे की वर्षानुवर्षे पाऊस पडला नाही, माणसे आणि जनावरे देशोधडीला लागली, तेव्हा गौतम ऋषींनी तप करून वरुणाकडून कधीही न आटणारा पाण्याचा खड्डा मिळवला. त्या पाण्यावर शेती पिकू लागली आणि दूरदूरचे ऋषी सहकुटुंब आश्रयाला आले. मग पाणी भरताना कोणाचा नंबर आधी यावरून भांडण झाले. मराठवाड्यात टँकरपुढे घागरींची रांग पाहिलेल्या कोणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. चिडलेल्या ऋषींनी गणपतीला साकडे घातले. त्याने नाइलाजाने मरतुकड्या गाईचे रूप घेतले आणि तो गौतमांच्या पिकात शिरला. तिला हाकलण्यासाठी गौतमांनी दर्भाची काडी उगारली, ती लागताच गाय कोसळली, आणि ज्यांनी त्यांचे पाणी प्यायले होते त्यांनीच त्यांना गोहत्येचा दोष लावून आश्रमाबाहेर काढले.

दोष जावा म्हणून गौतमांनी शंकराची आराधना केली आणि शंकराने ब्रह्मगिरीवर गंगा आणली. शंकराने त्यांना स्पष्ट सांगितले की तू निष्पाप आहेस, तुला फसवले गेले. त्यावर गौतम म्हणाले, त्या ऋषींचे माझ्यावर उपकारच आहेत, ते तसे वागले नसते तर मला तुमचे दर्शन कसे झाले असते? या कथेत मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे. ज्यांनी हाकलले त्यांनाही त्याच पाण्यात स्नान मिळावे म्हणून गौतमांनी रुसलेल्या गंगेची विनवणी केली. तिचा वेग अडवण्यासाठी त्यांनी कुश फिरवला ते ठिकाण कुशावर्त. आज तिथे चारी बाजूंनी ओवऱ्या असलेले दगडी कुंड आहे, आणि सिंहस्थात शैव आखाड्यांचे स्नान तिथेच होते. जायकवाडीत वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे यावर दरवर्षी होणारा वाद आठवला, की गौतमांची ती विनवणी मला आणखी जवळची वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गंगाद्वाराला निघालो. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि आईचे गुडघे दुखतात, म्हणून दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर बसत, माकडांपासून पिशवी सांभाळत आम्ही वर गेलो. वर कड्याच्या पोटाशी गोदावरीचे लहानसे मंदिर आहे आणि गोमुखातून पाणी येते. 1,465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी तिथे करंगळीएवढ्या धारेने पडत होती. आईने धारेखाली ओंजळ धरली. ओंजळ भरायला वेळ लागला.

"एवढीशीच हाय का रे आपली गंगा?" तिने विचारले आणि मग बराच वेळ ती काही बोलली नाही. वडिलांचे नाव घेऊन तिने ओंजळ सोडली, पुन्हा धरली आणि पुन्हा सोडली.

उतरताना एका गोष्टीने मन खट्टू झाले. डोंगरावर इतक्या भक्तीने जिचे पाणी माथ्याला लावतात, ती नदी खाली गावात कितीतरी अंतर सिमेंटच्या स्लॅबखालून जाते. वरून माणसे चालतात, वाहने उभी राहतात, आणि पायाखाली गोदावरी आहे हे नव्या माणसाला कळतही नाही. ज्या नदीमुळे गाव वसले तिला गावात तरी उजेड मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

निघण्यापूर्वी निवृत्तिनाथांच्या समाधीचे दर्शन घेतले. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ समोर आला, वाट चुकलेला लहानगा निवृत्ती गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, ही कथा आईला तोंडपाठ आहे. ही भावंडे पैठणजवळच्या आपेगावची, आमच्याच गंगेकाठची. जनाबाईच्या गावाहून आलो असे आईने शेजारी बसलेल्या वारकरी बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला आणि आईनेही त्यांच्या पायांना लावला.

गंगाद्वाराच्या पाण्याने भरलेला तांब्याचा गडू आईने परतीच्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवला नाही. घरी पोचल्यावर त्यातले थोडे पाणी देवघरात ठेवून उरलेले घेऊन ती संध्याकाळी घाटावर गेली आणि शेवटच्या पायरीवर बसून तिने ते गंगेत ओतले.