फोंतेन्हास वॉकथ्रू: आत्या एकदाची घरी पोचली

मंडळी, पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वाड्यातून संगणकावर फिरता येईल असा वॉकथ्रू मी करतोय. गेल्या वेळी नॅव्हमेशवरून (पात्राला कुठे चालता येतं त्याचा नकाशा) रडलो होतो, बोळांतून वाटच मिळेना; तो प्रश्न दहा मिनिटांत सुटला. गोडॉट या गेम इंजिनमध्ये एजंट रेडियस, म्हणजे भिंतीपासून राखायचं अंतर, मुळातच 0.5 मीटर असतो, मीटरभर बोळातून दोन्हीकडून अर्धा-अर्धा गेला की उरतं काय? 0.25 केला, सगळे बोळ चालू.

खरी डोकेदुखी पुढेच होती. चाचणीला आत्याला बसवलं. ती जन्मापासून तिथल्याच मळा भागातली. क्लिक करत निघाली आणि तिसऱ्याच वळणावर, "हें खंय रे?" स्वतःच्याच वाड्यात हरवली!

आधी मी रंगांना दोष दिला. एकाच घराच्या चार प्रती करून पिवळा, निळा, तांबडा फिरवला होता. आत्या म्हणाली, "रंग पावसाळा सरला की बदलतात. रंगावरून घर कोण ओळखतं?" मग कशावरून, ते तिला सांगता येईना. दोन दिवस तिच्या मागून हिंडलो तेव्हा उमगलं: ती पायांनी ओळखते. चढ म्हणजे आल्तिनोची टेकडी, उतार म्हणजे खाडी. आणि माझी जमीन कॅरम बोर्डासारखी सपाट!

दोष एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीच्या माहितीचा, जिच्यावरून मी जमीन केली होती. साधारण 30 मीटरला एक नोंद, तीही छपरं-झाडं धरून. एवढ्या मोठ्या जाळीतून बोळ गळूनच जातो. शेवटी ओळखीच्या गवंड्याचा लेव्हल पाइप आणला. पारदर्शक नळी, पाणी, भिंतीवर खडूची खूण. एका टोकाला मी, दुसऱ्याला आत्या. सपाट समजलेल्या बोळात चांगला हातभर उतार निघाला. लेसरवर पैसे घालण्याआधी हे करून बघाच.

कॅमेऱ्याचा उभा कोनही 75 वरून 55 केला. रुंद पडद्यावर आडवा कोन 107 चा 86 झाला, आणि लांबचं टेकाड वाटणारा आल्तिनो गल्लीच्या टोकाशी येऊन उभा राहिला.

मिनीमॅप, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा, रद्द. माणूस ठिपक्याकडे बघत चालतो, गल्लीकडे नाही. शहररचनाकार केविन लिंचने 1960 मध्ये माणूस शहर कशावरून ओळखतो याचे जे पाच घटक सांगितले, त्यांतल्या 'कडा' इथे आयत्याच आहेत, डोंगर आणि खाडी. मिनीमॅपऐवजी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू टाकावा म्हणतो... नको, लिहिता लिहिताच लक्षात आलं, तो सायकलवर फिरता! आवाजामागे गेलेला भलतीकडेच पोचायचा. सेंट सेबॅस्टियन चॅपेलची घंटा बरी, जागची हलत नाही.

काल रात्री आत्या कुठेही न अडखळता दारापर्यंत पोचली. क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "कडी उलट्या बाजूला लावलीस." चारांतल्या दोन प्रती मी मिरर मारून केल्या होत्या.