भेटीचा दिवस धरून भाजलेली कॉफी: आमची वाटचाल

कॉफी भाजण्याचा व्यवसाय सुरू केला तेव्हा आमच्याकडून कोणी भेट द्यायला बिया नेईल हे आमच्या मनातही नव्हतं. छोटं ड्रम रोस्टर, कच्च्या बियांची काही पोती आणि रोजच्या गिऱ्हाइकांसाठी दोन ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या बियांची मिश्रणं, एवढाच पसारा होता. एस्प्रेसो, म्हणजे दाबाने पाणी सोडून काढलेली थोडीशी दाट कॉफी, ब्लेंडचीच करायची ही इटलीतली जुनी रीत. ब्राझीलच्या बियांनी कॉफीला भरदारपणा येतो, थोड्या रोबस्टाने (कॉफीची एक कडवट जात) क्रेमा, म्हणजे वरचा फेस, दाट होतो आणि वर्षभर चव एकसारखी राहते. ही रीत चांगलीच आहे, आमचे ब्लेंड आजही विकले जातात. पण एकाच भागातल्या बियांचा एस्प्रेसो प्यायलो आणि त्याचा नादच लागला.

वॉश्ड, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून सुकवलेली, यिर्गाचेफे घ्या. इथिओपियाच्या या कॉफीचा शॉट (एका वेळी काढलेला एस्प्रेसो) नीट उतरला तर आधी फुलांचा वास येतो, मग लिंबाच्या सालीची चव. केनियात १९३०च्या दशकात निवडलेल्या एसएल २८ या वाणात ब्लॅककरंट या लहान काळ्या फळाची रसरशीत आंबट चव मिळते. सुमात्रात बिया ओलसर असतानाच त्यांचं टरफल काढतात, त्यामुळे त्या कॉफीला मातीचा, ओल्या लाकडाचा गंध असतो. एस्प्रेसोत हे सगळं तीस-चाळीस ग्रॅम द्रवात एकवटतं. एवढं ठसठशीत व्यक्तिमत्त्व असलेली वस्तू आपल्या माणसाला द्यावीशी वाटणं साहजिकच होतं, आणि हळूहळू भेटीच्या ऑर्डरी येऊ लागल्या.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘तुमच्याकडची सगळ्यात भारी कॉफी कोणती?’ आम्ही उत्तर न देता उलट विचारू लागलो: ज्यांना देणार त्यांच्याकडे मशीन कोणतं आहे? ग्राइंडर आहे का? ते दूध घालून पितात की नुसती? आणि पाकीट उघडणार कधी? सुरुवातीला काहींना ही उलटतपासणी वाटायची. पण आमचा भेटीचा सगळा व्यवसाय याच प्रश्नांवर उभा राहिला, आणि त्यातही शेवटच्या प्रश्नावर सर्वांत जास्त.

त्याचं कारण ताजेपणाबद्दलच्या समजुतीत आहे. सकाळी भाजलेल्या बिया संध्याकाळी हातात पडल्या म्हणजे सर्वोत्तम, असं बहुतेकांना वाटतं. एस्प्रेसोला ते लागू पडत नाही. भाजताना बियांच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पुढे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत राहतो. म्हणून तर कॉफीच्या पाकिटाला तो बारीक एकदिशा वाल्व असतो: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. अगदी नव्या बिया दळून त्यांतून नऊ बार दाबाने पाणी सोडलं की हा वायू उसळतो. क्रेमा भरपूर दिसतो, पण तो पोकळ असतो. पाणी दळलेल्या कॉफीतून सारखं झिरपत नाही, त्यामुळे शॉट एकदा आंबट, एकदा कडू असा हेलकावत राहतो. मध्यम भाजलेल्या बियांना आम्ही आठवडा-दहा दिवस मुरू देतो, हलक्या भाजलेल्यांना दोन आठवडे किंवा थोडे जास्तच. त्यानंतरचे तीन-चार आठवडे त्यांचा बहराचा काळ. मग प्राणवायू आपलं काम करतो आणि वास विरत जातो.

म्हणजे भेट कधी उघडली जाणार हे कळल्याशिवाय बिया कधी भाजायच्या हे ठरवता येत नाही. आमच्या नोंदवहीत पूर्वी फक्त पाठवण्याची तारीख असायची. आता उघडण्याची तारीख आधी लिहितो आणि तिथून मागे मोजत घाणा कोणत्या दिवशी घ्यायचा ते ठरवतो. एका दिवशी सगळं भाजून मोकळं होणं सोपं आणि स्वस्त पडतं, हे आम्हालाही कळतं. भेटीच्या कॉफीसाठी आम्ही ते करत नाही.

मशीनचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. हलक्या भाजलेल्या बिया घट्ट असतात, त्यांच्यातून चव काढायला बारीक दळण आणि चांगला ग्राइंडर लागतो. साध्या घरगुती यंत्रावर त्यांचा शॉट बहुधा आंबटढाण उतरतो. अशा घरी ब्राझीलची नॅचरल (फळासकट सुकवलेली) किंवा ग्वाटेमालाची मध्यम भाजलेली कॉफी द्यावी. कोको आणि सुक्यामेव्याकडे झुकणारी ही चव दुधातही टिकते, शिवाय दळण थोडं इकडेतिकडे झालं तरी ती सांभाळून घेते. बटण दाबलं की आपोआप दळून कॉफी देणारं यंत्र असेल तर काळपट, तेलकट बिया नकोत, त्या ग्राइंडरला चिकटून बसतात. पनामाच्या ला एस्मेराल्दा मळ्यातल्या गेशाने २००४ साली तिथली स्पर्धा गाजवली, तेव्हापासून त्या वाणाचा बोलबाला आहे आणि भेटीसाठी तीच हवी असा आग्रह पुष्कळदा होतो. घेणारा रोज दूध घालून पिणारा असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो, तिचा नाजूक सुगंध दुधात हरवेल. विक्री गेली तरी चालते.

दळून देण्याबद्दल आमचं मत पक्कं आहे. एस्प्रेसोचं दळण त्या-त्या यंत्रावर जुळवावं लागतं, आणि दळलेल्या कॉफीचा वास फार लवकर उडतो. घरी ग्राइंडर नसेल तर एस्प्रेसोच्या बिया ही भेटच त्यांच्यासाठी नाही.

चार देशांच्या चार छोट्या पाकिटांचा संच दिसायला देखणा असतो. तो आम्ही पोर-ओव्हर, म्हणजे गाळणीतल्या कॉफीवर वरून गरम पाणी ओतून कॉफी करणाऱ्यांसाठी ठेवला आहे. एस्प्रेसोत दर नव्या कॉफीला दळण नव्याने जुळवावं लागतं आणि त्यातच दोन-तीन शॉट जातात. एका शॉटला १८ ग्रॅम धरले तर २५० ग्रॅमच्या पाकिटात तेराच शॉट बसतात. म्हणून आम्ही एकाच कॉफीची दोन पाकिटं सुचवतो.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नाही, ती म्हणजे हंगाम. ब्राझीलची तोडणी साधारण मे ते सप्टेंबर, इथिओपियाची ऑक्टोबरनंतर जानेवारीच्या आसपासपर्यंत. पुढे सुकवणं, बोटीचा प्रवास. कच्च्या बिया महिनोन्‌महिने टिकतात खऱ्या, पण फार जुन्या झाल्या की कितीही कौशल्याने भाजा, कपात पोत्याचा वास येतो. त्यामुळे आमच्याकडे भेटीची कायमची यादी नाही. ज्या भागाचा माल तेव्हा उत्तम असेल तोच आम्ही देतो.

प्रत्येक पाकिटासोबत आता हाताने लिहिलेलं कार्ड जातं. त्यावर भाजल्याची तारीख, कधीपासून उघडावं ती तारीख आणि सुरुवातीचं माप असतं: १८ ग्रॅम कॉफी, ३६ ग्रॅम एस्प्रेसो, २५ ते ३० सेकंद, पाणी ९३ अंशांच्या आसपास. आंबट लागली तर बारीक दळा, कडू लागली तर जाडसर. पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नका. बरेच दिवस उघडायचं नसेल तर हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका आणि बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला आलं की मगच उघडा.

सध्या आम्ही सिंगल ओरिजिन (एकाच भागातल्या बियांच्या) डीकॅफवर, म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीवर, मेहनत घेतोय. कॅफीन चालत नाही म्हणून ज्यांना कोणी कॉफी भेट देत नाही, त्यांच्यासाठी. कोलंबियात उसापासून मिळणारं इथाइल ॲसिटेट वापरून कॅफीन काढतात, त्या बियांचा गोडवा आम्हाला आवडला. पण डीकॅफच्या बिया कच्च्या असतानाच तपकिरी असतात, रंगावरून भाजणं ओळखता येत नाही, बिया तडकण्याचा आवाज ऐकणारे कान आणि तापमापीवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय त्या लवकर शिळ्या होतात, म्हणून उघडण्याच्या तारखेपासून मागे मोजायचं आमचं गणित त्यांच्यासाठी नव्याने मांडतो आहोत.