मान वाकडी नव्हती, लुळी होती: पुरानंतर आमच्या कोंबड्यांना काय झालं त्याचा अनुभव

आमच्यात परसात कोंबड्या पहिल्यापासनंच आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, सात-आठ होत्या, त्या वाढवत वाढवत मी चौतीसवर नेल्या. बहुतेक गावरान, चार-पाच वनराजा जातीच्या. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं गाव, घरामागं गोठा, गोठ्यामागं उकिरडा आणि तिथनं पुढं सगळा ऊसच ऊस. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की कोंबड्या मोकळ्या, दिवेलागणीला आपणहून परत. मूठभर मका, थोड्या कण्या टाकायच्या, बाकी त्यांचं त्या बघतात. अंड्यांचा पैसा माझा, त्यातनं धाकट्याची शाळेची फी जाते, त्यामुळं एक कोंबडी गेली तरी मला महिन्याच्या हिशोबात कळतं.

2024 च्या जुलैमध्ये पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 फुटाला धोका, त्या वर्षी नदी धोक्याच्या वर गेली. घरात पाणी शिरलं नाही पण खालच्या उसात कमरेएवढं उभं होतं, तेवढे दिवस कोंबड्या गोठ्यातच कोंडलेल्या. ओसरल्यावर उसात गाळ, पाचट, प्लॅस्टिक, कुणाकुणाचं काय काय वाहून आलेलं, आणि वरनं चांगलं कडक ऊन पडलं. कोंबड्या सुटल्या त्या थेट उसात, दिवसभर तिकडंच उकरत असायच्या आणि मलाही बरं वाटलं की चला, पोट भरून खातायत.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी माझी बांडी कोंबडी गोठ्याच्या भिंतीला बसून राहिलेली दिसली. हाकलली तरी उठेना. उचलून उभी केली तर पायच धरत नव्हते, खाली बसायची. तुरा लालभडक, डोळे उघडे, माझ्याकडं बघतीय, पण पायात जीव नाही. संध्याकाळपर्यंत पंख गळाले, दुसऱ्या दिवशी सकाळी मान लांब करून जमिनीवर टाकलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि दुपारी गेली. त्याच दिवशी अजून दोन बसल्या.

आत्ती म्हणाल्या, "मानमोडी हाय ही, दुसरं काय असणार." शेजारच्या काकू पण तेच म्हणाल्या, दूध घालायला आलेला पोरगा पण तेच म्हणाला. राणीखेतला आपल्याकडं मानमोडी म्हणतात आणि इथं मान तर पडलेली समोर दिसतीय, मग शंका कसली घ्यायची? त्यात मला माझी चूक माहीत होती. पिल्लांना सातव्या दिवशी लासोटाचे, म्हणजे राणीखेतच्या लसीचे, थेंब मी घातलेले, पण नंतर आठव्या आठवड्याला आर-टू-बी चं, म्हणजे त्याच रोगाच्या पुढच्या लसीचं, इंजेक्शन द्यायचं असतं ते बऱ्याच कोंबड्यांचं राहिलं होतं. त्यामुळं मीच मनाशी धरून बसले की माझ्या हलगर्जीपणानं मानमोडी आली. या एका नावानं माझे चार दिवस खाल्ले.

औषधाच्या दुकानात गेले, कोंबड्या न बघता त्यांनी पाण्यातून द्यायचं अँटिबायोटिक दिलं आणि सगळ्यांना परत लस घाला म्हणाले. केलं सगळं. रोज एक-दोन नवीन बसतच होत्या. पहिल्या दोन मेलेल्या मी बांधापलीकडं उसात टाकल्या, आमच्याकडं तशीच पद्धत आहे, कुत्रं नाहीतर घार नेते. हे लक्षात ठेवा, पुढं सांगते.

तोवर गल्लीत बर्ड फ्लूची चर्चा सुरू झाली. 2006 ला नवापूरला पहिल्यांदा बर्ड फ्लू आला तेव्हा तिकडं लाखोंनी कोंबड्या माराव्या लागल्या होत्या, ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कोण म्हणालं झाकून ठेव, बोलू नको कुणाला, कोण म्हणालं बसलेल्या आहेत त्या मरायच्या आत कापून टाका, निदान रस्सा तरी होईल. मला दोन्ही पटलं नाही. लपवून जर खरंच तसलं काही निघालं तर सगळ्या गावाच्या कोंबड्या जातील, आणि कशानं आजारी आहे ते माहीत नसलेली कोंबडी मी पोरांच्या ताटात कशी घालू? आमच्या मालकांनी 1962 ला फोन लावून दिला, हा जनावरांच्या डॉक्टरांसाठीचा टोल फ्री नंबर आहे. तिथनं आमच्या भागातल्या सरकारी डॉक्टरांशी बोलणं झालं. ते म्हणाले मेलेली कोंबडी घेऊन या, पण ताजी.

ताजी म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं. सकाळी मेलेली पोत्यात घालून दुपारी नेली, तर आतनं कुजायला लागलेली, त्यात काही कळत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे एक गेली ती लगेच दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून, बाहेरनं बर्फ लावून आठच्या आत पोचवली, आणि सोबत डालग्यातनं एक जिवंत आजारी तांबडी पण नेली. बर्फात ठेवायची पण गोठवायची नाही, गोठली की आतले अवयव नीट बघता येत नाहीत.

डॉक्टरांनी आधी जिवंत कोंबडी हातात घेतली. तिची मान बोटावर तोलली आणि सोडली, तर ओल्या फडक्यासारखी खाली गेली. मला म्हणाले, "वहिनी, मानमोडीत मान पिळवटते. कोंबडी वर आकाशाकडं बघते, गोल गोल फिरते, घशातनं आवाज येतो, हिरवी हगते. यातलं काही बघितलंत का?" मी आठवून बघितलं, एकपण नव्हतं. म्हणाले ही मान वाकडी नाही, लुळी आहे. मग त्यांनी दोन पिसं धरून नुसती ओढली तर ती काही जोर न लावता हातात आली. मेलेली फाडली तर राणीखेतमध्ये जठरात रक्ताचे ठिपके दिसतात ते नाहीत, आतडी स्वच्छ, काळीज स्वच्छ. पण गळ्याजवळची दाण्याची पिशवी कापली तर आत मक्याबरोबर अळ्या, पांढऱ्या, माशांच्या.

मग त्यांनी विचारलं, पडतायत त्या कुठल्या कुठल्या? आणि कुठल्या नाहीत? हा प्रश्न मला आधी कुणीच विचारला नव्हता, मी पण स्वतःला विचारला नव्हता. घरात एक खुडूक अंड्यांवर बसवलेली, एक नऊ पिल्लांची आई डालग्याखाली, या दोघी आणि पिल्लं ठणठणीत. पाणी तेच, दाणे तेच, वस्तीला बाकीच्यांच्या शेजारीच. पडलेल्या त्या सगळ्या लांब फिरणाऱ्या, दांडग्या, आणि मोठा कोंबडा. मानमोडी असती तर लहान पिल्लं आधी गेली असती. म्हणजे रोग घरात नव्हताच, बाहेर कुठंतरी त्या जाऊन खात होत्या.

डॉक्टर म्हणाले हे बॉट्युलिझमसारखं दिसतंय. मेलेलं जनावर ओल्या उबदार जागी कुजलं की त्यात एक जिवाणू वाढतो आणि विष तयार करतो. त्यावरच्या अळ्यांना त्या विषाचं काही होत नाही पण ते त्यांच्या अंगात साठतं, आणि कोंबडी अळ्या वेचून खाते. विषानं नसांकडनं स्नायूंना जाणारा निरोपच तुटतो, आधी पाय, मग पंख, मग मान, शेवटी श्वास. म्हणून ती शुद्धीवर असते, बघत असते, फक्त हलता येत नाही. हे ऐकल्यावर मला बांडीचे ते डोळे आठवले आणि तिथंच रडू आलं. अँटिबायोटिकचा त्या विषावर काही उपयोग नसतो हे पण कळलं.

घरी येऊन पहिलं काम म्हणजे सगळ्या कोंडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनच चांगल्या सोडल्या आणि मी आणि धाकटा त्यांच्या मागनं गेलो. कुठंच न थांबता त्या बांध ओलांडून उसाच्या चौथ्या सरीत गेल्या. तिथं पुराच्या पाचटाचा ढीग अडकलेला, वास येतच होता पण पुरानंतर सगळीकडंच वास असतो. पोरानं कोंबड्या धरल्या, मी काठीनं पाचट उचकटलं तर खाली वाहून आलेलं शेळीचं करडू, निम्मं गाळात, आणि त्यावर नुसत्या अळ्या वळवळत होत्या. आणि हातभर अंतरावर बांडीची पिसं. ती कुत्र्यानं नेली नव्हती, घारीनं नेली नव्हती. तिच्यावर पण अळ्या. म्हणजे एक मेली की तिच्यावर अळ्या, त्या खाऊन दुसरी, आणि ते चक्र मी माझ्या हातानं चालू ठेवलेलं. त्या सरीत किती वेळ उभी होते मला माहीत नाही.

मालकांनी उंचावर चार फूट खड्डा काढला. हातात जाड ग्लोव्ह्ज, पायात गमबूट घालून करडू, दोन्ही कोंबड्या, पाचट आणि खालची वीतभर माती सगळं त्यात टाकलं, वर चुना, वर माती दाबली. बाकीच्या सऱ्या पण बघितल्या, दोन मेल्या घुशी निघाल्या त्या पण पुरल्या.

आजारी होत्या त्यांना सावलीत, कोरड्या भुशावर ठेवलं. डॉक्टरांनी पोट साफ व्हायला मॅग्नेशियम सल्फेट पाण्यातून द्यायला सांगितलं, डोस प्रत्येकीचं वजन बघून. तो तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडनंच घ्या, जास्त झालं तर हगवण लागून अंगातलं पाणी जातं. पाणी पाजताना मान वर उचलून धरायची आणि ड्रॉपरनं चोचीच्या कडेनं एकेक थेंब, ती गिळली की दुसरा. घाई केली तर पाणी श्वासनळीत जाऊन त्यानंच मरते, माझी एक तशीच गेली. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, माश्या बसू द्यायच्या नाहीत. आत्ती रात्री उठून पाजायच्या, दुसऱ्या दिवसापासनं पाण्यात थोडी काकवी घालून, डॉक्टरांना विचारूनच. पहिले दोन दिवस ज्या तगल्या त्या पुढं सुधारल्या. तांबडीनं तिसऱ्या दिवशी मान उचलली, लगेच परत टाकली, पण उचलली. आत्ती स्वयंपाकघरात ओरडत आल्या, "उचलली गं, उचलली!" आठवड्यानं ती चालायला लागली.

नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात गेले होते, राणीखेत नाही आणि बर्ड फ्लू पण नाही असं आलं, ते मी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं. बॉट्युलिझमचं विष शोधायची तपासणी वेगळी असते, उंदरांवर करतात, ती काही झाली नाही. डॉक्टरांनी लक्षणांवरनंच ठरवलं होतं. पण ढीग उचलल्यावर दोन दिवसांत नवीन बसायच्या थांबल्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत एकही नाही. एकूण पंधरा आजारी पडल्या, नऊ गेल्या, सहा वाचल्या. महिन्यानं सगळ्यांना आर-टू-बी पण टोचून घेतलं.

खुडूक बसलेली होती तिची अंडी श्रावणातच फुटली, अकरातली आठ. पिल्लं घेऊन ती पहिल्यांदा उकिरड्याच्या पुढं निघाली तेव्हा मी हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून काठी घेतली आणि तिच्या पुढं चालत उसापर्यंत गेले, पाचट हलवून बघितलं, आणि मग तिला येऊ दिलं.